दालचिनी : एक नाव, अनेक साली

उन्हाळ्याच्या तोंडावर मराठवाड्यातील घराघरांत वर्षाच्या मसाल्याची तयारी सुरू होते. जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यात, वडीगोद्रीजवळच्या अंतरवाली सराटीसारख्या गावांतही याला अपवाद नाही. मिरची, धने, खोबरे, तीळ, दगडफूल यांच्या यादीत दालचिनीचे नाव असते आणि बहुधा ते यादीच्या शेवटी, 'लवंग, दालचिनी, तमालपत्र' असे एका दमात लिहिलेले असते. दुकानदार पुडी बांधतो. त्या पुडीत नेमके काय आहे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. विचारण्याचे कारणही आजवर फारसे नव्हते, कारण काळ्या मसाल्यात दालचिनी कोणतीही असली तरी आमटीला चव येतेच. परंतु अलीकडे हीच दालचिनी मसाल्याच्या डब्यातून निघून औषधाच्या बाटलीशेजारी जाऊन बसली आहे. मधुमेहावर, वाढलेल्या वजनावर, कोलेस्टेरॉलवर रोज सकाळी चमचाभर पूड कोमट पाण्यातून किंवा मधातून घ्यावी, असा सल्ला तोंडोतोंडी आणि भ्रमणध्वनीवरील संदेशांतून खेडोपाडी पोहोचला आहे. पुडीत काय आहे, हा प्रश्न आता महत्त्वाचा ठरतो तो यामुळेच.

दालचिनी या एका नावाखाली बाजारात किमान चार निरनिराळ्या झाडांच्या साली येतात. ही सर्व झाडे 'सिनॅमोमम' या एकाच वनस्पतिवंशातील सख्खी भावंडे होत. पहिली 'सिनॅमोमम व्हेरम', म्हणजेच श्रीलंकेची आणि दक्षिण भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील दालचिनी. जुन्या ग्रंथांत तिला 'झेलॅनिकम' म्हटले आहे आणि व्यापारात ती आजही 'सिलोनी' म्हणूनच ओळखली जाते. दुसरी चीनमधील 'सिनॅमोमम कॅशिया', तिसरी इंडोनेशियाची 'सिनॅमोमम बर्मानी' आणि चौथी व्हिएतनामची. या शेवटच्या तिघींना मिळून 'कॅशिया' असे संबोधले जाते. आपल्याकडे शासकीय भाषेत तिला 'तज' असे नाव आहे. मराठी मुलखातील किराणा दुकानांत सर्रास मिळते ती ही कॅशियाच. ती मुख्यतः व्हिएतनाम, चीन व इंडोनेशिया येथून येते आणि सिलोनीच्या तुलनेत कित्येक पटींनी स्वस्त असते.

गंमत अशी की, नावाच्या बाजूने पाहिले तर कॅशियाचाच हक्क अधिक ठरावा. 'दारचीनी' या फारसी शब्दाचा अर्थ 'चीनचे लाकूड'. चिनी व्यापारी ही साल इराणच्या आखातापर्यंत नेत असत, त्यावरून हे नाव पडले. गोव्यात राहून वैद्यकी करणारा आणि मुंबई बेट ज्याच्याकडे काही काळ भाडेपट्ट्याने होते तो पोर्तुगीज वैद्य गार्सिया दा ओर्ता याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात दालचिनीवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. सिलोनची उत्तम साल आणि मलबारची हलकी, रानटी साल यांतला फरक त्याच्या काळीही व्यापाऱ्यांना पुरेपूर ठाऊक होता. पुढे पोर्तुगीज, डच आणि इंग्रज या तिघांनीही सिलोनवर आळीपाळीने ताबा मिळविला, त्यामागे या सालीच्या मक्तेदारीचा वाटा मोठा होता. ईस्ट इंडिया कंपनीने अठराव्या शतकाच्या अखेरीस केरळात कन्नूरजवळ अंजरकंडी येथे दालचिनीचा विस्तीर्ण मळा उभा केला, तोही याच ओढीने.

साल कशी ओळखावी?

सिलोनी आणि कॅशिया यांतील भेद डोळ्यांना, हाताला आणि जिभेला वेगवेगळा जाणवतो. सिलोनी दालचिनी काढण्याची रीत कष्टाची आहे. झाड जमिनीलगत छाटून फुटवे वाढू देतात. साधारण दोन वर्षांचे फुटवे तोडून त्यांची वरची खरबरीत साल खरवडून काढतात. मग पितळी सळईने काडी घासून आतली साल सैल करतात आणि ती अखंड सोडवून घेतात. कागदासारख्या पातळ अशा या साली एकमेकींत सरकवून, वळवून सुकवितात. त्यामुळे सिलोनीची कांडी आडवी पाहिली तर विडीच्या किंवा चिरुटाच्या आतल्या पानांप्रमाणे तिच्यात अनेक पदर दिसतात. रंग फिका, तपकिरीपेक्षा बदामीकडे झुकणारा; बोटांनी चुरडली तर सहज मोडते. श्रीलंकेत कांडीच्या जाडीवरून तिच्या प्रती ठरतात आणि सर्वांत बारीक, ६ मिलीमीटरपेक्षा कमी जाडीच्या कांडीला 'आल्बा' म्हणतात.

कॅशियाची साल जाड आणि टणक असते. बहुधा एकच पदर, सुकताना दोन्ही कडांकडून आत वळलेला. कधी कधी ती वळलेलीही नसते, नुसते लाकडाच्या ढलपीसारखे सपाट तुकडे असतात आणि पाठीवर राखाडी बुरशीसारखे डाग दिसतात. रंग तांबूस तपकिरी. खलबत्त्यात घातली तर आवाज करते, मिक्सरच्या पात्याला दमविते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ग्राहकांसाठी सुचविलेली एक साधी कसोटी अशी : खऱ्या दालचिनीची साल इतकी पातळ असते की ती पेन्सिलीभोवती गुंडाळता येते, कॅशियाच्या जाड सालीला ते जमत नाही.

चवीतही अंतर आहे. कॅशियाचा तुकडा चघळला की प्रथम गोडसर तिखट झणका लागतो आणि पाठोपाठ जीभ आकसते. सिलोनीत तिखटपणा कमी, गोडवा अधिक आणि लवंगेची पुसट छटा. कॅशियाच्या पुडीत चिकट द्रव्य पुष्कळ असल्याने ती गरम पाण्यात ढवळून थोडा वेळ ठेवली तर पाणी बुळबुळीत होते. रोज सकाळी पेल्याच्या तळाशी जेलीसारखा थर राहतो अशी ज्यांची तक्रार असते, त्यांना आपल्या पुडीची जात त्यावरूनच कळावी. पूड झाल्यावर मात्र नुसत्या नजरेने ओळखणे जवळजवळ अशक्य होते. खरी अडचण आहे ती येथेच, कारण आरोग्यासाठी दालचिनी घेणारे बहुसंख्य लोक तयार पूडच विकत आणतात.

काळ्या मसाल्याला कोणती?

दोन्ही सालींच्या तेलातील प्रमुख घटक एकच, सिनॅमाल्डिहाइड. कॅशियाच्या तेलात तोच बहुतांशी भरलेला असतो, म्हणून तिचा वास एकसुरी पण जोरकस. सिलोनीच्या तेलात त्याचे प्रमाण तुलनेने कमी असून युजेनॉल, लिनालूल यांसारखी अन्य सुगंधी द्रव्येही असतात, म्हणून तिचा वास सौम्य पण अनेकपदरी. एकूण तेलाच्या बाबतीतही कॅशिया वरचढ आहे. भारतीय मानकांनुसार अखंड कॅशियात बाष्पशील तेल किमान २ टक्के असावे लागते, तर अखंड दालचिनीत ते किमान ०.७ टक्के असले तरी पुरते.

हे ध्यानी घेतले म्हणजे स्वयंपाकातील निवड सोपी होते आणि ती नेहमी महागड्या सालीच्याच बाजूने जाते असे नाही. मराठवाड्याचा काळा मसाला तेलावर खमंग, जवळजवळ काळपट होईपर्यंत भाजला जातो. भाजलेले खोबरे, तीळ, कांदा, दगडफूल आणि मिरची यांच्या गर्दीत सिलोनीचा नाजूक सुवास हरवून जातो. तेथे कॅशियाचा ठसकाच टिकतो. लग्नकार्यातील येसरच्या आमटीची गोष्टही तीच. छत्रपती संभाजीनगरचा (२०२३पूर्वीचे औरंगाबाद) नान-खलिया किंवा मोठ्या पातेल्यात तासन्‌तास शिजणारे मटण यांत जाड सालीचा तुकडा अखंड टाकता येतो, तो विरघळत नाही आणि वाढताना बाजूला काढता येतो. सिलोनी अशा शिजण्यात मोडून तिचा चुरा रश्श्यात पसरतो. मसालेभात, पुलाव, बिर्याणी यांसाठीही आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या कॅशियाच वापरली गेली आहे आणि त्या पदार्थांची जी चव आपण 'अस्सल' मानतो, ती बऱ्याच अंशी तिचीच चव आहे.

सिलोनीचे स्थान मंद आचेच्या, फिक्या आणि गोड पदार्थांत. मराठी स्वयंपाकात गोडाचा मान वेलची-जायफळाकडे आहे, दालचिनी बहुधा तिखटामिठाच्या बाजूला राहिली. त्यामुळे आपल्याकडे सिलोनीची उणीव कोणाला फारशी जाणवली नाही. याउलट मेक्सिकोत तांदळाची खीर, चॉकलेट, कॉफी अशा पदार्थांत दालचिनी मुक्तपणे पडते आणि म्हणूनच तो देश श्रीलंकेच्या दालचिनीचा मोठा गिऱ्हाईक आहे. चहात, दुधात, सफरचंदाच्या मुरांब्यात किंवा केकमध्ये घालायची असेल तर सिलोनीसाठी चार पैसे अधिक मोजणे सार्थकी लागते.

मसाल्याच्या यादीतील आणखी दोन वस्तूंचा येथे उल्लेख करावयास हवा, कारण त्यांची नाळही याच कुळाशी जोडलेली आहे. तमालपत्र हे 'सिनॅमोमम तमाला' या हिमालयाच्या पायथ्याच्या झाडाचे पान. त्याच्या पानावर देठापासून टोकाकडे जाणाऱ्या तीन ठळक शिरा असतात. युरोपीय स्वयंपाकातील 'बे लीफ' निराळ्याच वंशातले, त्याला मधली एकच शीर असते. पाककृतींच्या भाषांतरांत या दोहोंची नेहमी गल्लत होते. दुसरी वस्तू नागकेसर. आयुर्वेदाचे नागकेसर म्हणजे नागचाफ्याच्या फुलातील पुंकेसर. मात्र बाजारात 'काळे नागकेसर' म्हणून मिरीसारखी देठाची जी बोंडे मिळतात, ती दालचिनीच्या जातीतील झाडांची कोवळी फळे असतात. गोडा मसाल्याला त्यांचा वास उत्तम लागतो. औषधात मात्र एकाऐवजी दुसरे चालत नाही.

प्रश्न आहे तो चमच्याचा

कॅशियाच्या सालीत कुमारिन नावाचा एक नैसर्गिक सुगंधी घटक असतो. तो अधिक प्रमाणात आणि दीर्घकाळ पोटात गेल्यास काही व्यक्तींच्या यकृताला अपाय करतो, हे निर्विवाद आहे. अमेरिकेत १९५४ सालापासून खाद्यपदार्थांत शुद्ध कुमारिन मिसळण्यास बंदी आहे. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २००४ साली त्याची सुसह्य दैनिक मर्यादा शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे ०.१ मिलीग्रॅम अशी ठरविली आणि २००८ साली ती कायम ठेवली. त्याआधी २००६ साली जर्मनीत नाताळच्या दालचिनी-बिस्किटांवरून मोठा गदारोळ झाला होता. तेथील जोखीम मूल्यमापन संस्थेने तपासणी करून कॅशियाच्या पुडीत किलोमागे सरासरी ३,००० मिलीग्रॅम, म्हणजे प्रत्येक ग्रॅममध्ये सुमारे ३ मिलीग्रॅम कुमारिन धरले. सिलोनी दालचिनीत ते इतके नगण्य आढळते की, हिशेबात धरण्याची गरजच पडत नाही.

आता गणित सोपे आहे. ६० किलो वजनाच्या प्रौढ माणसाची दैनिक मर्यादा ६ मिलीग्रॅम. ती २ ग्रॅम कॅशियात पुरी होते. चहाचा एक सपाट चमचा पूड अडीच ग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे 'रोज सकाळी एक चमचा' हा सल्ला पाळणारा मनुष्य दररोज ही मर्यादा ओलांडत असतो, तेही कित्येकदा महिनोन्‌महिने. १५ किलो वजनाच्या बालकाच्या बाबतीत ही मर्यादा अर्ध्या ग्रॅमवरच येऊन थांबते. एखाद्या दिवशी मर्यादा ओलांडली म्हणून बिघडत नाही, कारण ती आयुष्यभराच्या दैनंदिन सेवनासाठी आखलेली आहे. सर्वांचेच यकृत सारखे संवेदनशील नसते आणि सेवन थांबविल्यावर बिघाड बहुधा दुरुस्तही होतो. परंतु ज्याला आधीच कावीळ होऊन गेली आहे, जो मद्यपान करतो किंवा ज्याला यकृतावर ताण देणारी औषधे चालू आहेत, त्याने हा धोका पत्करण्यात शहाणपण नाही.

हाच हिशेब मसाल्याला लावून पाहिला तर भीतीचे कारण उरत नाही. समजा, एक किलो काळ्या मसाल्यात २५ ग्रॅम दालचिनी पडली आणि पाच माणसांच्या घरात रोज २० ग्रॅम मसाला लागला, तर त्यात दालचिनी अर्धा ग्रॅम. प्रत्येकाच्या वाट्याला एक दशांश ग्रॅम. प्रौढाच्या मर्यादेचा हा विसावा हिस्सा झाला. पिढ्यान्‌पिढ्या कॅशिया खाऊनही मराठी माणसाचे काही बिघडले नाही, त्याचे रहस्य या प्रमाणात आहे.

कुमारिनबद्दल आणखी एक गैरसमज दूर व्हावयास हवा. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनसारख्या औषधांचे नाते कुमारिनशी सांगितले जाते आणि त्यावरून दालचिनीने रक्त पातळ होते असा निष्कर्ष काढला जातो. ती औषधे कुमारिनच्या रासायनिक कुटुंबातील असली तरी दालचिनीतील साधे कुमारिन त्यांच्याप्रमाणे काम करीत नाही. तथापि, अशी औषधे घेणाऱ्याने दालचिनीचे मोठे डोस डॉक्टरांना विचारल्याविना घेऊ नयेत, हे खरेच.

मग दालचिनीने रक्तातील साखर उतरते की नाही? या समजुतीला बळ मिळाले ते २००३ साली पाकिस्तानात झालेल्या एका अभ्यासामुळे. मधुमेहाच्या ६० रुग्णांना ४० दिवस रोज १, ३ किंवा ६ ग्रॅम दालचिनी, तीही कॅशिया, अथवा तिच्याऐवजी नुसत्या बनावट गोळ्या देण्यात आल्या. दालचिनी घेणाऱ्यांची उपाशीपोटीची साखर १८ ते २९ टक्क्यांनी उतरल्याचे त्यात नोंदले गेले. ही बातमी जगभर पोहोचली. नंतरच्या अभ्यासांचे निष्कर्ष मात्र एकमेकांशी जुळले नाहीत. २०१२ साली कॉक्रेन या संस्थेने १० चाचण्यांतील ५७७ रुग्णांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा मधुमेहावर दालचिनीची शिफारस करण्याइतका पुरावा नाही असाच निर्णय द्यावा लागला. उपाशीपोटीची साखर थोडी खाली येत असल्याचे काही विश्लेषणांत दिसते. तीन महिन्यांची सरासरी साखर उतरते, हे मात्र खात्रीने सिद्ध झालेले नाही. थोडक्यात, चालू गोळ्या किंवा इन्सुलिन सोडून दालचिनीवर विसंबणे हा स्वतःच्या प्रकृतीशी खेळ आहे. गोळ्यांच्या जोडीने मोठे डोस घेतल्यास साखर नको तितकी खाली जाण्याची शक्यताही विसरता कामा नये.

आयुर्वेदाने दालचिनीला 'त्वक्' म्हटले आहे. त्वक्, वेलची आणि तमालपत्र मिळून 'त्रिजात' होते, त्यात नागकेसर मिळविले की 'चातुर्जात'. परंतु या शास्त्रातही ती बेताने वापरायची वस्तू आहे. घरोघरी खोकल्यावर दिले जाणारे सितोपलादि चूर्ण पाहावे : खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २ आणि त्वक् केवळ १ भाग. एकतीस भागांत एक. भारतीय आयुर्वेदिक औषधसंहितेत त्वक् म्हणून नोंद आहे ती सिलोनी जातीच्या आतल्या सालीची आणि तिची मात्रा दिवसाला १ ते ३ ग्रॅम सांगितली आहे. ग्रंथात सांगितलेली मात्रा एका झाडाची आणि पोटात जाणारी पूड दुसऱ्या झाडाची, असा हा घोळ आहे. त्वक् उष्ण असल्याने पित्तप्रकृतीच्या माणसाला ती मानवत नाही, हा जुना इशारा तर संदेशांतून कधीच पुढे पाठविला जात नाही.

कोकणातली साल

कायद्याच्या दृष्टीने दालचिनी आणि कॅशिया या दोन स्वतंत्र वस्तू आहेत. २०११च्या अन्न मानकांत दोहोंच्या व्याख्या निरनिराळ्या दिलेल्या आहेत. कॅशिया विकणे गुन्हा नाही. ती 'दालचिनी' म्हणून विकणे चुकीचे आहे. प्रत्यक्षात सुट्या मालावर लेबल नसते आणि बंद पाकिटावरही वनस्पतीचे शास्त्रीय नाव क्वचितच छापलेले आढळते. केरळातील दालचिनी उत्पादकांनी या प्रश्नावर अनेक वर्षे तक्रारी केल्या, कारण स्वस्त आयात कॅशियापुढे त्यांच्या सालीला भाव मिळत नव्हता.

महाराष्ट्रात खरी दालचिनी पिकते ती सह्याद्रीपलीकडे. तिला वर्षाकाठी २,००० मिलीमीटरहून अधिक पाऊस, दमट हवा आणि निचऱ्याची जमीन लागते. जालना जिल्ह्याच्या सहाशे-सातशे मिलीमीटर पावसात आणि काळ्या कसदार मातीत कापूस, ऊस व मोसंबी यांना वाव आहे, दालचिनीला नाही. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण तेज' ही सिलोनी जातीतील निवड विकसित केली. तिच्या सालीच्या तेलात सिनॅमाल्डिहाइड सुमारे ७० टक्के, तर पानांच्या तेलात युजेनॉल सुमारे ७५ टक्के असते. म्हणूनच तिचे पान चुरगाळले की लवंगेचा वास येतो. रत्नागिरीजवळ भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने नारळाच्या बागेत दालचिनी, जायफळ, मिरी यांसारखी मसाला पिके घेण्याची 'लाखी बाग' ही पद्धत रुजविली. त्यामुळे रत्नागिरी-सिंधुदुर्गातील अनेक बागांत नारळाच्या सावलीत ही झाडे उभी आहेत. पावसाळा सरल्यावर, साल सुटी होऊ लागली की फांद्या तोडतात, साल काढून सावलीत सुकवितात आणि पानेही तमालपत्राच्या जागी विकली जातात. साल सोडविण्याचे कसब असलेली माणसे मिळणे हीच या पिकाची मोठी अडचण आहे.

मराठवाड्यातील ग्राहकाने औषधासाठी किंवा रोजच्या चहासाठी दालचिनी घ्यायची असेल तर दुकानदाराकडे स्पष्टपणे 'सिलोनी' किंवा 'कोकणातली पातळ साल' मागावी, पदर पाहावेत आणि कांडीच घ्यावी. पूड घेऊ नये, याला भेसळीचेही कारण आहे. २०२३ साली अमेरिकेत सफरचंदाच्या बाळखाण्यातून शेकडो मुलांच्या शरीरात शिसे गेल्याचे उघड झाले. त्याचे मूळ त्यात मिसळलेल्या दालचिनीच्या पुडीत निघाले. वर्षाच्या मसाल्यासाठी मात्र जाड साल खुशाल घ्यावी. ती बुरशीच्या डागांची नसावी आणि मोडल्यावर तिला वास यावा, एवढे पाहिले म्हणजे झाले. कांडी कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवल्यास वर्षभर सहज टिकते. पूड मात्र महिन्या-दोन महिन्यांत वास सोडते, म्हणून लागेल तेवढीच कुटावी.